घरातली दुसरी शुगर

आमच्या घरात मधुमेह नवा नव्हता. माझ्या सासूबाईंना हा आजार जडून पुष्कळ वर्षे झाली. फ्रिजच्या दारात लोण्याच्या डब्याशेजारी त्यांचे इन्सुलिनचे पेन असते, फडताळात मेथीदाण्यांची बरणी आणि जांभळाच्या बियांची पूड असते, आणि "आज उपाशीपोटी किती आली?" हा प्रश्न आमच्याकडे सकाळच्या चहाआधी विचारला जातो. त्यामुळे आमच्या बंड्याला, म्हणजे दादरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून वर येऊन कायमचा राहिलेल्या बोक्याला, मधुमेह झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा घरात कोणी फारसे घाबरले नाही. सुई, स्ट्रिप, पथ्य हे सगळे आपल्या अंगवळणी पडलेले आहे, तेव्हा हेही जमेल, असाच सर्वांचा सूर होता.

सरावलेल्या हातांचा पुढे फार उपयोग झाला. माहिती मात्र पुष्कळशी बाजूला ठेवावी लागली. ज्या गोष्टी आपण मधुमेहाबद्दल बालपणापासून ऐकत आलो, गोड वर्ज्य करा, रात्रीचे जेवण हलके ठेवा, एखादा उपास धरा, कारले खा, चालायला जा, त्यांतली जवळजवळ एकही गोष्ट मांजराला जशीच्या तशी लागू पडत नाही, आणि एकदोन तर त्याच्या जिवावर बेतू शकतात. मुंबईत घरोघरी शुगर आहे आणि आता घरोघरी वयस्क मांजरेही आहेत. म्हणून या दोन आजारांतला फरक नीट मांडून ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

बंड्या नसबंदी झालेला, अंगाने भरलेला, दिवसभर खिडकीत बसून राहणारा बोका होता. कोरड्या खाण्याची वाटी त्याच्यापुढे सदैव भरलेली असे. मांजरांत मधुमेहाचा धोका जिथे अधिक दिसतो ती सगळी लक्षणे या एका वाक्यात आली: नर असणे, नसबंदी, लठ्ठपणा, घरातच राहणे, आणि उतरते वय. दमा किंवा हिरड्यांची सूज यांसाठी वारंवार दिलेली स्टेरॉइड हे आणखी एक कारण. मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या 'टाइप २' सारखा असतो. इन्सुलिन तयार होत असते, पण शरीर त्याला दाद देत नाही. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींभोवती अमिलॉइड नावाचे प्रथिन साचत जाते आणि त्या पेशी दमतात. इथवर सासूबाईंचा आणि बंड्याचा आजार जवळपास सारखाच आहे.

दिसायला मात्र तो वेगळा दिसतो, कारण मांजर तक्रार करत नाही. मांजरांचा मूळ पूर्वज आफ्रिकेतले आणि पश्चिम आशियातले रानमांजर, कोरड्या प्रदेशात शिकारीच्या अंगातल्या पाण्यावर भागवणारा प्राणी. त्यामुळे निरोगी मांजर पाणी कमीच पिते. बंड्या न्हाणीघरातल्या बादलीच्या कडेवर पुढचे पाय ठेवून लपलप पाणी पीत राहू लागला, लिटर ट्रेमधल्या वाळूचे गोळे मुठीएवढे होऊ लागले, आणि ट्रेबाहेर चार थेंब सांडले की तिथे मुंग्यांची रांग लागू लागली. तो खात होता, मागून मागून खात होता, आणि तरीही पाठीचे मणके हाताला लागत होते. मांजरात रक्तातली साखर साधारण २५० ते २९० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडे ती अडवू शकत नाहीत. ती लघवीत उतरते, आपल्याबरोबर पाणी ओढून नेते, आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही.

पण ज्यामुळे मी त्याला उचलून दवाखान्यात नेले ती गोष्ट यांपैकी नव्हती. ती त्याची चाल होती. मांजर बोटांवर चालते. त्याची मागची टाच जमिनीपासून बरीच वर, आपल्याला गुडघ्यासारखी वाटावी अशा ठिकाणी असते. बंड्या ती टाच टेकवून चालायला लागला. मागचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत फरशीवर सपाट, ससा बसतो तसे, आणि त्या पायांवर तो स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात येत होता. खिडकीच्या कट्ट्याखाली उभा राहून त्याने वर पाहिले, मागचे अंग दोनदा हलवून नेम धरला, आणि मग उडी न मारताच तो बाजूला झाला. बराच काळ वाढलेल्या साखरेने पायांच्या नसांना इजा होते, त्याचे हे लक्षण. साखर आटोक्यात आली की ते बहुतेकदा सुधारते, पण सावकाश, आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशोबाने.

दवाखान्यात साखर मोजली ती साडेतीनशेच्या वर आली. डॉक्टरांनी त्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवला नाही, आणि इथेच माणसाचा आणि मांजराचा पहिला मोठा फरक समोर आला. पिंजरा, टॅक्सी, शेजारच्या खुर्चीवरचा कुत्रा, टेबलावरचे अनोळखी हात, एवढ्याने निरोगी मांजराची साखरही तीनशेच्या घरात जाऊ शकते. म्हणून त्यांनी फ्रुक्टोसामाइनची तपासणी केली. माणसात तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी असते, तसे मांजरात मागच्या दोनतीन आठवड्यांची सरासरी सांगणारे फ्रुक्टोसामाइन. घाबरल्याने ते एका तासात वाढत नाही. ते वाढलेले निघाले, लघवीतही साखर होती, आणि निदान पक्के झाले. मुंबईत प्राण्यांच्या वैद्यकाची परंपरा जुनी आहे, परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे. पण निदान करणारा डॉक्टर कितीही निष्णात असला तरी मांजराचा मधुमेह दवाखान्यात सांभाळता येत नाही. तिथे मोजलेली साखर त्याच्या भीतीची साखर असते. औषधाची मात्रा ज्या आकड्यांवर ठरवायची ते आकडे त्याच्या स्वतःच्या घरात, त्याच्या रोजच्या चादरीवरच मिळतात.

घरी परतल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न स्वाभाविक होता. "अगं, त्याच्या खाण्यातलं गोड बंद करायला हवं ना? दुधात साखर तर आपण कधीच घातली नाही."

"आई, त्याला गोड कळतच नाही," मी म्हटले. हे खरे आहे. गोडाची चव ओळखणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरांत निकामी असते, असे संशोधकांनी २००५ साली दाखवले. मांजराच्या खाण्यात खोट असते ती गोडाची नसते, पिठाची असते. पूर्वीच्या घरांतून मांजराला दूधभात नाहीतर दुधात कुस्करलेली पोळी मिळे, आणि ते मांजर दिवसभर उंदीर मारून उरलेली गरज भागवी. आताच्या मांजराला कोरडे दाणेदार खाणे मिळते, आणि त्या पाकिटावर पिष्टमय पदार्थांचा आकडा बहुधा छापलेलाच नसतो. तो आपल्याला काढावा लागतो. समजा, प्रथिने ३२ टक्के, मेद १२, तंतू ४, पाणी १०, राख म्हणजे खनिजे साधारण ८. शंभरातून हे सगळे वजा केले की ३४ टक्के उरतात, ते पिष्ट. उंदरात किंवा पाखरात ते नाममात्र असते. मांजराच्या यकृतात मोठ्या प्रमाणावर येणारी साखर झटपट हाताळणारी यंत्रणा दुबळी आहे. ते प्रथिनांपासून स्वतःची साखर अखंड तयार करत राहते. म्हणून मधुमेही मांजराला भरपूर प्रथिने आणि अगदी थोडे पिष्ट, उष्मांकांच्या दहाबारा टक्क्यांच्या आत, असे खाणे द्यायचे असते. व्यवहारात त्याचा अर्थ डब्यातले किंवा पाऊचमधले ओले खाणे, आणि तेही पाठीमागचा मजकूर वाचून, कारण रस्सेदार प्रकारांत रस्सा दाट करायला पीठ वापरलेले असते.

सिटीलाइटच्या बाजारातली आमची कोळीण हे ऐकून म्हणाली की मग नुसते मांदेली-बोंबीलच घाला. मासा त्याला आवडतो, आणि अधूनमधून उकडलेला तुकडा आम्ही देतोही. पण नुसत्या मासळीवर किंवा नुसत्या उकडलेल्या चिकनवर मांजर ठेवू नये. त्याला टॉरिन नावाचे द्रव्य अन्नातूनच मिळावे लागते. ते कमी पडले की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू सैल पडतो. हृदयाशी असलेला हा संबंध १९८७ साली उघड झाला, आणि तेव्हापासून मांजरांच्या तयार खाण्यात टॉरिनचे प्रमाण वाढवले गेले. घरचे अन्न द्यायचेच असेल तर ते जाणकाराकडून बेतून घ्यावे.

उपासाबद्दल मात्र मला ठासून सांगायचे आहे. लठ्ठ मधुमेही माणसाने एखाद्या वेळचे जेवण टाळले तर डॉक्टर कदाचित कौतुकही करतील. लठ्ठ मांजर दोनतीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साचते, आणि तो आजार मधुमेहापेक्षा लवकर जीव घेऊ शकतो. जेवण सोडणारे मधुमेही मांजर ही पथ्याची खूण समजू नये. ते त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे मांजर असते, विशेषतः ओकाऱ्या होत असतील किंवा तोंडाला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास येत असेल तर, कारण ते रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्ले, साठल्याचे लक्षण आहे. आणि मेथीचे पाणी, कारल्याचा रस, जांभळाची पूड यांच्याबद्दल सासूबाईंनी आशेने विचारले तेव्हा त्यांना मी एवढेच सांगितले की जे जबरदस्तीने पाजल्यावर तो दिवसभर तोंडाला लाळ आणील आणि संध्याकाळचे जेवण सोडील, ते त्याच्यासाठी औषध नव्हे. त्यांना ते पटले.

इन्सुलिन ठरले ते ग्लार्जिन, म्हणजे सासूबाईंच्या पेनात असते तेच. माणसात ते दिवसभर पुरते. मांजरात त्याचा अंमल लवकर ओसरतो, म्हणून बारा बारा तासांनी द्यावे लागते, बहुतेकदा दर वेळी एक युनिटपासून सुरुवात करून. एवढ्या लहान मात्रेत अर्ध्या युनिटचाही फरक मोठा असतो, आणि बहुतेक पेनांत मात्रा एकेक युनिटनेच वाढते. त्यामुळे आम्ही पेनातल्या काडतुसातून, म्हणजे औषधाच्या नळीतून, सिरिंजने औषध काढू लागलो. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेल्या ०.३ मिलिलिटरच्या सिरिंजा जवळच्या मेडिकलमध्ये नव्हत्या. त्या मागवून घ्याव्या लागल्या.

भारतात या टप्प्यावर एक खरा धोका आहे, आणि तो सर्वांनी ध्यानात ठेवावा. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांचे विकले जाते. जुन्या पद्धतीच्या कुप्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि त्यांच्या सिरिंजचे टोपण लाल असते. ग्लार्जिनमध्ये एका मिलिलिटरला १०० युनिट असतात आणि त्याच्या सिरिंजचे टोपण नारिंगी. मेडिकलमध्ये नुसती 'इन्सुलिनची सिरिंज द्या' म्हटले तर कोणती हातात पडेल याचा भरवसा नाही. १०० च्या औषधाला ४० ची सिरिंज लावली आणि एकच्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर आत अडीच युनिट जातात. माणसाला इतका फरक कदाचित सोसेल. चार किलोच्या जिवाला त्याने झटके येऊ शकतात. आमच्या फ्रिजमध्ये आता दोन वेगळे डबे आहेत. एकावर 'आई' आणि दुसऱ्यावर 'बंड्या' असे जाड पेनाने लिहिले आहे, आणि एका डब्यातली वस्तू दुसऱ्यात जात नाही. ते औषध जोरात हलवायचे नाही, पातळ करायचे नाही, गोठणकप्प्याजवळ ठेवायचे नाही आणि गढूळ दिसले तर वापरायचे नाही, हे नियम सासूबाईंना आधीपासूनच पाठ होते.

टोचणे मात्र मला वाटले होते त्याहून पुष्कळच सोपे निघाले, आणि मांजराला सुई द्यावी लागेल एवढ्या भीतीने जे लोक त्याला सोडून देण्याचा किंवा कायमचे झोपवण्याचा विचार करतात त्यांनी निर्णय घेण्यापूर्वी हे एकदा पाहावे. बंड्या ताटलीवर तोंड खाली घालून खात असतो. बरगडीच्या बाजूची कातडी चिमटीत उचलायची. मानेवरची नव्हे, तिथे रक्तपुरवठा कमी असल्यामुळे औषध नीट शोषले जात नाही. केसांतून बारीक सुई आडवी सरकवायची, दट्ट्या दाबायचा, काढून घ्यायची. बहुतेक वेळा तो खाण्यातून मानही वर करत नाही. कधी सुई कातडीच्या दोन्ही बाजूंनी पार होते आणि औषध केसांवर सांडते. केस ओले लागतात आणि इन्सुलिनचा तो उग्र, औषधी वास येतो. अशा वेळी किती आत गेले ते कळत नाही, आणि म्हणून दुसऱ्यांदा टोचायचे नाही. एका वेळची मात्रा चुकली तर त्याची साखर बारा तास वाढलेली राहील, एवढेच. दुप्पट मात्रा गेली तर रात्र कठीण जाईल.

रक्त काढणे याहून अवघड. ते कानाच्या कडेने जाणाऱ्या बारीक शिरेजवळून काढतात. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल कानाला क्षणभर लावला की शीर उठून दिसते. कानाच्या मागे घडी केलेला कापूस धरायचा म्हणजे सुई आपल्या बोटात जात नाही. मोहरीएवढा थेंब येतो, केसांत पसरण्याआधी त्याला स्ट्रिप लावायची. सासूबाई त्याला पदराखाली मांडीवर घेतात, त्याच्या हनुवटीखाली खाजवत राहतात आणि माझ्याकडे न पाहता विचारतात, "किती?" आकडा सांगितला की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो, स्वतःच्या साखरेचा आकडा त्यांनी इतक्या उत्कंठेने कधी ऐकल्याचे मला आठवत नाही. नंतर चिकनचा एक तुकडा द्यायचा नियम आहे. त्यामुळे हल्ली मोजण्याच्या वेळी तो आपणहून त्या चादरीवर येऊन बसतो.

माणसाचे ग्लुकोमीटर मांजराला चालते का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. चालते, पण ते सहसा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते. माणसाच्या रक्तातली साखर रक्तद्रव आणि तांबड्या पेशी यांच्यात विभागलेली असते, मांजरात ती जवळजवळ सगळी रक्तद्रवातच असते. यंत्राचे गणित माणसाच्या विभागणीवर बसवलेले आहे. म्हणून मीटर कोणते वापरतो ते डॉक्टरांना सांगावे आणि दर वेळी तेच वापरावे. प्राण्यांसाठी वेगळी मीटरेही असतात. माणसांच्या दंडावर चौदा दिवस राहणारा सेन्सर बंड्याच्या अंगावर, केस भादरून, डॉक्टरांनी लावून दिला होता. तो मुदतीआधीच निघाला, पण तेवढ्या दिवसांत रात्रीच्या साखरेची जी रेघ दिसली ती कानाच्या थेंबांतून कधी दिसली नसती: पहाटे कोणाचेही लक्ष नसताना साखर सर्वांत खाली जात होती. सकाळच्या आकड्यावरून आम्ही मात्रा वाढवायला निघालो असतो. त्या रेघेमुळे डॉक्टरांनी मात्रा होती तिथेच ठेवली.

भीती या खाली जाण्याचीच असते. वाढलेली साखर हळूहळू नुकसान करते, उतरलेली साखर तासाभरात. मीटरवर साठच्या खाली आकडा आला, किंवा मांजर अडखळू लागले, टक लावून पाहू लागले, अचानक अधाशासारखे खाऊ लागले किंवा अंग सोडून पडले, की इन्सुलिन द्यायचे नाही. खाता येत असेल तर आधी खायला घालायचे. नसेल तर मध किंवा पाण्यात कालवलेली ग्लुकोजची पूड बोटाने हिरड्यांवर चोळायची. तोंडात ओतायची नाही, ती श्वासनलिकेत जाते. आणि मग डॉक्टरांकडे निघायचे. खाणे बदलताना हा धोका सर्वांत अधिक असतो. कोरडे खाणे बंद करून कमी पिष्टाचे सुरू केले की साखर चारदोन दिवसांत पुष्कळ उतरू शकते, आणि आधीची मात्रा तशीच चालू ठेवली तर तीच जास्त होते. म्हणून इन्सुलिन चालू असताना खाण्यातला बदल डॉक्टरांना विचारून, मोजत मोजत करायचा.

बारा तासांचे हे चक्र मुंबईत सांभाळणे म्हणजे घरातल्या सर्वांचे वेळापत्रक एका बोक्याच्या भोवती फिरवणे. आम्ही सकाळ-संध्याकाळी सातची वेळ धरली आहे. कचेरीतून सातला घरी पोचणे हे लोकलच्या भरवशावर असते, आणि जुलैत रुळांवर पाणी आले की तो भरवसाही राहत नाही. तासभर मागेपुढे झाले तर बिघडत नाही, हे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे, पण खरा आधार सासूबाईंचाच आहे. त्यांची स्वतःची संध्याकाळची सुईही त्याच सुमारास असते. त्या आधी त्याची देतात, मग स्वतःची घेतात. त्यांच्या हाताला आता थोडा कंप आहे, म्हणून सिरिंज सकाळीच भरून ठेवावी का, असा विचार आम्ही केला होता. तो डॉक्टरांनी मान्य केला नाही. तेव्हा आम्ही खुणा मोठ्या दिसतील असे भिंग आणले, आणि ते पुरले.

कधीकधी हे दोघे असे एकापाठोपाठ सुया घेताना पाहून मला १९२१ सालच्या टोरांटोची आठवण होते. बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी इन्सुलिनचा गुण दाखवला तो कुत्र्यांवर. त्या कुत्र्यांचे स्वादुपिंड काढून त्यांना मधुमेही केले होते. १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिले गेले. पुढे साठेक वर्षे जगातले जवळजवळ सगळे इन्सुलिन गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून येत होते. माणसाचे इन्सुलिन प्रयोगशाळेत जिवाणूंकडून तयार करवून बाजारात आले ते १९८२ नंतर. मांजराचे स्वतःचे इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनपेक्षा अवघ्या एका अमिनो आम्लाने वेगळे आहे. सासूबाई ज्या औषधावर इतकी वर्षे उभ्या आहेत ते प्राण्यांच्या देहांतून आपल्याकडे आले. एका प्राण्यासाठी ते वापरण्यात खर्चाचा आणि वेळेचा अपव्यय आहे, असे कोणी म्हणते तेव्हा मला वाईट वाटते, आणि मी हे त्यांना सांगते.

माणसाच्या आणि मांजराच्या मधुमेहातला शेवटचा फरक आशेचा आहे. मांजराचा मधुमेह, वेळेवर आणि नेटाने आवरला तर, माघार घेऊ शकतो. इन्सुलिन पूर्ण बंद होऊनही साखर योग्य राहते. स्वादुपिंडाच्या दमलेल्या पेशींना साखरेच्या माऱ्यातून लवकर सोडवले तर त्या पुन्हा काम करू लागतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ मांजरांच्या पालकांनी घरी मोजून, ग्लार्जिनने साखर कसून आटोक्यात ठेवली होती. त्यातली ६४ टक्के मांजरे इन्सुलिनमुक्त झाली. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत असे उपचार सुरू झालेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होते, उशिरा सुरू झालेल्यांत ३५ टक्के. हे पालक झटून काम करणारे होते, तेव्हा सगळीकडे हेच आकडे येतील असे मी धरत नाही. पण सुरुवातीचे महिने किती मोलाचे आहेत ते त्यांतून कळते. मुक्त झालेले मांजरही पुन्हा मधुमेही होऊ शकते, म्हणून खाणे आणि मोजणे सुटत नाही.

अमेरिकेत २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ मध्ये मांजरांसाठी तोंडाने द्यायची दोन औषधे मंजूर झाली, एक गोळी आणि एक द्रव. ती साखर लघवीवाटे बाहेर घालवतात आणि सुईची गरज राहत नाही. मात्र ती ज्यांना आधी इन्सुलिन दिलेले नाही अशाच, बाकी तब्येत ठीक असलेल्या मांजरांसाठी आहेत, आणि त्यांच्यामुळे रक्तात साखर वाढलेली नसतानाही कीटोन साठू शकतात. सुईला घाबरणाऱ्या घरांना त्यांचा आधार होईल. बंड्यासाठी तो मार्ग नाही.

बंड्या इन्सुलिनमुक्त झालेला नाही. त्याची मात्रा अर्ध्या युनिटवर आली आणि तिथेच थांबली. ती बंद करून पाहिली की आठवड्याभरात साखर पुन्हा चढते. डॉक्टर म्हणतात, तेवढे अर्धे युनिट त्याला द्यायचेच. टाचा मात्र वर उचलल्या गेल्या आहेत. तो पुन्हा बोटांवर चालतो, आणि खिडकीच्या कट्ट्यावर आपला आपण चढतो.

या वर्षी गणपतीत गावी जाताना आम्ही दोन तुकड्यांत जाणार आहोत. प्रतिष्ठापनेला मी आणि मुले पुढे जाऊ, सासूबाई आणि माझे यजमान गौरी आल्यावर येतील, आणि मधल्या एका रात्रीसाठी वरच्या मजल्यावरच्या परिचारिका ताई येणार आहेत. त्यांना सिरिंज शिकवावी लागत नाही. तरी सासूबाईंनी त्यांना दोनदा बोलावून बंड्याला टोचायला लावले, आणि एक कागद लिहून फ्रिजवर लावला: नारिंगी टोपणाचीच सिरिंज, आधी खाणे, मग सुई, जेवला नाही तर सुई न देता फोन, शंका आली तर दुसऱ्यांदा टोचायचे नाही, मध वरच्या फळीवर, पहिल्या बरणीत.